‘चित्ता’ : शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि कर्जत-खालापुरातील त्याचे स्थान

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. माथेरानचा डोंगर, भीमाशंकरकडे चढत जाणारी रांग आणि बोरघाटाचा उतार यांनी वेढलेल्या या प्रदेशात मोठ्या मार्जारांपैकी जो प्राणी आजही वावरतो तो बिबट्या होय. त्याला बोलीत ‘बिबळ्या’ किंवा ‘बिबट्या’ म्हणतात. पुष्कळदा नुसते ‘वाघ’ म्हणूनही भागते. वनखात्याच्या पंचनाम्यात तो ‘बिबट’ होतो. यांखेरीज त्याला एक चौथे नाव मिळते, ते म्हणजे ‘चित्ता’. हे नाव वाडीवस्तीवरून आलेले नाही. ते छापील मजकुरातून आणि शिकलेल्यांच्या तोंडून येते. शेळी किंवा कुत्रा उचलला गेला, की ऐकणारा ‘वाघ’ म्हणतो, लिहिणारा ‘चित्ता’ लिहितो आणि नुकसानभरपाईच्या कागदावर ‘बिबट’ अशी नोंद होते. एकाच श्वापदाला एकाच घटनेत तीन नावे पडतात आणि त्यांपैकी एक निखालस चुकीचे असते.

ही चूक केवळ प्राणिशास्त्राच्या अज्ञानातून झाली असे म्हणून विषय संपवता येत नाही. ‘चित्ता’ या शब्दाच्या जडणघडणीतच या चुकीला वाव आहे. तो वाव कोठून आला याचा शोध शब्दाच्या व्युत्पत्तीत घ्यावा लागतो आणि तेथे प्रचलित स्पष्टीकरण जितके सोपे दिसते तितके ते सोपे नाही.

प्रचलित स्पष्टीकरण एका ओळीचे आहे. संस्कृत ‘चित्रक’ म्हणजे चित्रविचित्र अंगाचा, ठिपकेदार; त्यापासून प्राकृत ‘चित्तअ’ आणि त्यापासून ‘चित्ता’. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात इंग्रजीतील ‘चीता’ या शब्दाखाली ‘चित्रक’ आणि ‘चित्रकाय’ असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. हे दोन पर्याय समान मानण्याचे कारण नाही. ‘चित्रकाय’ हा सामासिक शब्द आहे. त्यातील ‘काय’ हे पद झिजून केवळ ‘आ’ उरावा, ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटते. ‘चित्रक’पासून ‘आ’कारान्त रूप मात्र सरळ सिद्ध होते. ‘घोटक’चे ‘घोडअ’ आणि मग ‘घोडा’ झाले, त्याच वाटेने ‘चित्रक’चा शेवटही ‘आ’ होतो. ‘क’काराचा लोप आणि अन्त्य ‘आ’ यांबाबत अडचण नाही.

अडचण शब्दाच्या मध्यभागी आहे. प्राकृतातील द्वित्त व्यंजन मराठीत येताना एकेरी होते, हा मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचा सर्वपरिचित नियम. ‘पुत्र’चे प्राकृतात ‘पुत्त’ आणि मराठीत ‘पूत’. ‘सूत्र’, ‘सुत्त’, ‘सूत’. ‘रात्रि’, ‘रत्ति’, ‘रात’. ‘क्षेत्र’, ‘छेत्त’, ‘शेत’. मूळ संस्कृत ‘त्र’ प्राकृतात ‘त्त’ होतो आणि मराठीत त्याचा एकच ‘त’ राहतो. ‘चित्र’ या शब्दाचीच संतती पाहिली तरी हाच नियम दिसतो. ‘चित्रकार’पासून ‘चितारी’ आला, ‘चित्तारी’ नव्हे. ‘चित्रल’पासून प्राकृतात ‘चित्तल’ आणि मराठीत ‘चितळ’ झाले, ‘चित्तळ’ नव्हे. ठिपक्यांचे हरीण आणि ठिपक्यांचे मार्जार, दोघांची नावे एकाच ‘चित्र’ शब्दातून निघालेली. पण हरणाचे नाव मराठीच्या नियमाने घडले आणि मार्जाराचे घडले नाही. नियम पाळला असता तर मराठीत ‘चिता’ हे रूप अपेक्षित होते.

या अपवादाची दोन कारणे संभवतात. पहिले असे, की ‘चिता’ हा शब्द मराठीत सरणासाठी आधीच रूढ होता आणि समोच्चार टाळण्यासाठी द्वित्त टिकले. ही उपपत्ती ऐकायला आकर्षक आहे, परंतु तीवर फार भार देता येत नाही. भाषा समोच्चारी शब्द सहज सांभाळते. मराठीत ‘पाट’, ‘कर’, ‘माळ’ यांसारखे शब्द भिन्न अर्थांनी सुखेनैव नांदतात. हिंदीतही ‘चिता’ आणि ‘चीता’ शेजारी आहेत. तेथे केवळ स्वराच्या लांबीने काम भागले. दुसरे कारण अधिक सबळ वाटते. ते असे, की ‘चित्ता’ हा शब्द मराठीत वारशाने आलेला नसून उसना आहे. मराठीत ‘पक्व’पासून वारशाने ‘पिकणे’ आले आणि ‘पक्का’ हा शब्द मागाहून उत्तरेकडून आला. वारशाचा शब्द एकेरी व्यंजनाचा आणि उसना दुहेरी व्यंजनाचा, अशी ही जोडी आहे. ‘चितळ’ आणि ‘चित्ता’ ही तशीच जोडी मानता येते.

हा शब्द कोणत्या दाराने आला, याचाही अंदाज बांधता येतो. हिंदीतील रूप ‘चीता’ असे दीर्घ स्वराचे आहे. दख्खनी बोलीत दीर्घ स्वर ऱ्हस्व करून पुढील व्यंजन दुहेरी उच्चारण्याची प्रवृत्ती सुविदित आहे : ‘मीठा’चा ‘मिठ्ठा’, ‘फीका’चा ‘फिक्का’, ‘सोना’चा ‘सुन्ना’. ‘चीता’चा ‘चित्ता’ याच साच्यात चपखल बसतो. गुजरातीतही ‘चित्तो’ असे द्वित्तयुक्त रूप असल्याने दख्खनी हेच एकमेव दार होते असे म्हणता येणार नाही. मात्र कोणत्याही दाराने आला असला तरी तो शेतकऱ्याच्या किंवा धनगराच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेला शब्द नाही, एवढे त्याच्या रूपावरून म्हणता येते. जुन्या मोडीतील कागदपत्रांत या शब्दाची कोणती रूपे येतात हे कोणी पद्धतशीरपणे पाहिले तर या मताची खरी परीक्षा होईल. रोमन लिपीतील इंग्रजी नोंदी त्या कामी निरुपयोगी आहेत, कारण त्यांतून द्वित्ताचा निर्णय होत नाही.

म्हणींचा पुरावाही याच बाजूचा आहे. मराठी म्हणींत आणि वाक्प्रचारांत वाघ आहे, लांडगा आहे, कोल्हा आहे, तरसही क्वचित डोकावते. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो; चित्त्याच्या वाट्याला असे काही आलेले नाही. ‘चित्त्याची झेप’, ‘चित्त्याची चपळाई’ हे प्रयोग कथाकादंबऱ्यांतले आणि क्रीडावृत्तांतले आहेत. बोरघाटाच्या माथ्यावर खंडाळ्याजवळ वाघजाईचे ठाणे आहे, गावोगाव वाघोबा पुजला जातो, वाघबारस पाळली जाते. चित्त्याच्या नावाने असे एखादे ठाणे या परिसरात असल्याचे ऐकिवात नाही.

मग हा शब्द कोणाचा? तो शिकारखान्याचा आहे. माणसाळवलेल्या चित्त्याकरवी काळविटाची शिकार करणे हा राजेरजवाड्यांचा षोक फार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेचे विविध प्रकार वर्णिलेले आहेत आणि त्यांत शिकवलेल्या चित्त्याकडून हरणे धरवण्याच्या प्रकाराची नोंद अभ्यासकांनी घेतली आहे. ज्या ग्रंथातील काही ओळी मराठीच्या आरंभकालीन नमुन्यांत गणल्या जातात त्याच ग्रंथात हे वर्णन यावे, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावा असा आहे. पुढे मोगल दरबारात या शिकारीचा कळस झाला. तेथील ग्रंथभाषा फारसी. तिच्यात चित्त्याला ‘यूझ’ आणि बिबट्याला ‘पलंग’ अशी स्वतंत्र नावे होती. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या जनावरांच्या शिक्षणाचा आणि खुराकाचा तपशील येतो. ‘चीता’ हा शब्द मात्र जनावर प्रत्यक्ष हाताळणाऱ्या देशी माणसांच्या तोंडी राहिला आणि अखेर तोच टिकला.

मराठी राज्यव्यवस्थेत अठरा कारखान्यांत ‘शिकारखाना’ मोजला जात असे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी असलेला शिकारखाना प्रसिद्ध होता. तेथील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट याने १७९० मध्ये काढले. विसाव्या शतकात ही परंपरा कोल्हापुरात सर्वांत ठळकपणे दिसते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात आणि त्यांच्यानंतरही कोल्हापुरात चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि ती जनावरे सांभाळणाऱ्यांना ‘चित्तेवान’ म्हणत. हे व्यवसायनाम पुढे आडनाव म्हणूनही राहिले. ‘खाना’ आणि ‘वान’ हे दोन्ही प्रत्यय फारसी व्यवस्थेचे. ज्या मंडळींत शब्द वावरला त्यांची खूण त्याच्या शेपटीला लागलेली आहे. मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी रसेल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखांत ‘चितेवाले’ ही शाखा नोंदवली आहे. रानातून जनावर पकडून आणणे, ते माणसाळवणे आणि दरबाराला पुरवणे या साखळीत हा शब्द फिरत राहिला. साखळीच्या बाहेर त्याचे कारण नव्हते.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणवले जात. दिव्यभानुसिंह यांनी १९९५ मधील ‘द एंड ऑफ अ ट्रेल’ या ग्रंथात या आयातीचा इतिहास मांडला आहे. म्हणजे मराठी माणसाने आफ्रिकन जनावराला ‘चित्ता’ म्हणण्यास प्रारंभ केला तो कुनोमुळे नव्हे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आले, त्याच्या कितीतरी दशके आधी शब्द एका खंडातल्या जनावरावरून दुसऱ्या खंडातल्या जनावरावर सरकला होता. दरम्यान १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शब्द उरला आणि त्याचा धनी गेला. १९५२ ते २०२२ या सत्तर वर्षांत या देशात ‘चित्ता’ म्हणावे असे रानातले जनावर नव्हते. धनी नसलेला शब्द जवळच्या ठिपकेदार अंगावर जाऊन बसला, यात नवल नाही.

येथे अर्थाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘चित्रक’ हे नाव मुळात प्राण्याचे नाही, कातड्याचे आहे. ‘चित्र’चा वैदिक अर्थ तेजस्वी, ठळकपणे नजरेत भरणारे, चित्रा नक्षत्राच्या नावात तो अर्थ अजून शिल्लक आहे. त्याच्या मुळाशी ‘चित्’ हा धातू आहे. ‘चित्त’ म्हणजे मन हा शब्दही त्याच धातूचा, तेव्हा विद्यार्थी गमतीने ‘चित्त’ आणि ‘चित्ता’ यांचे नाते जोडतात ते अगदीच निराधार नसते, फक्त फार दूरचे असते. पुढे ‘चित्र’चा अर्थ रंगीबेरंगी, ठिपकेदार असा झाला आणि ‘चित्रक’ म्हणजे ठिपक्यांचा कोणीही. संस्कृत कोशपरंपराही या बाबतीत काटेकोर नाही. अमरकोशात ‘शार्दूल’ आणि ‘द्वीपी’ हे दोन्ही शब्द ‘व्याघ्र’ या एकाच नोंदीत बसवलेले आहेत. ज्या परंपरेत पट्ट्यांचा आणि ठिपक्यांचा प्राणी एका ओळीत पर्याय म्हणून येतात, तिच्याकडून दोन ठिपकेदार प्राण्यांतील भेदाची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

हा दोष एकट्या भारतीय भाषांचा नाही. इंग्रजीतील ‘लेपर्ड’ या शब्दात सिंह आणि ‘पार्ड’ यांचा संकर गृहीत धरलेला आहे आणि चित्त्याला इंग्रज दीर्घकाळ ‘शिकारी लेपर्ड’ म्हणत असत. श्रेबर याने १७७५ मध्ये त्याला ‘जुबेटस’ म्हणजे आयाळवाला हे जातिनाम दिले आणि ब्रुक्सने १८२८ मध्ये ‘अ‍ॅसिनोनिक्स’ हे प्रजातिनाम. त्यात नखे पूर्णपणे आत ओढली जात नाहीत ही खूण अभिप्रेत आहे. शास्त्रीय नावांनी कातड्याचा मोह सोडून मान आणि नखे पाहिली. देशी नाव कातड्यावरच थांबले. वास्तविक कातडेही नीट पाहिले तर फसवत नाही : चित्त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याचे पोकळ, फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले, आणि चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ बिबट्याला नसते. ‘पँथर’ या शब्दाने मराठीत आणखी वेगळी वाट धरली. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा या नावाचे भाषांतर कोणी केले नाही. ‘दलित बिबट्या’ असे म्हणून पाहिले तर त्याचे कारण ध्यानी येते. कोणत्या प्राण्याचे नाव भाषांतरित करावे आणि कोणते तसेच ठेवावे, याचे निर्णय प्राणिशास्त्रावर होत नाहीत.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात या सर्व विवेचनाचे महत्त्व काय, हे महाराष्ट्रातील दोन कर्जत शेजारी ठेवून पाहिले म्हणजे स्पष्ट होते. एक रायगडमधील, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचे, दाट झाडीचे, कड्याकपाऱ्यांचे. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील, अवर्षणप्रवण, उघड्या माळांचे. त्याच तालुक्यात १९८० मध्ये स्थापन झालेले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. चित्ता हा उघड्या माळावर, दिवसाउजेडी, धावून शिकार करणारा प्राणी. त्याचे भक्ष्य काळवीट. त्याला मानवेल अशी भूमी दुसऱ्या कर्जतची आहे. पहिल्या कर्जतमध्ये धावायला माळ नाही आणि धरायला काळवीट नाही. सह्याद्रीची धार ही या प्राण्याची पश्चिम सीमा होती असे मानण्यास हरकत नाही. बोरघाटाने पुण्याहून खोपोलीकडे सरदार, कारकून, लमाण, सारे उतरले. त्यांच्याबरोबर ‘चित्ता’ हा शब्दही कधीतरी उतरला असेल. जनावर उतरले नाही.

जेथे प्राणी नाही तेथे शब्द असण्यात वावगे काही नाही. सिंह, जिराफ, पेंग्विन हे शब्द खालापुरात सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांनी कोणाचे नुकसान केलेले नाही. ‘चित्ता’ची गोष्ट निराळी, कारण तो येथे हजर असलेल्या दुसऱ्या प्राण्याचे नाव हिरावून घेतो. बिबट्या रात्री हिंडतो, झाडावर चढतो, वस्तीच्या कडेने राहतो, कुत्री-शेळ्यांवर भागवतो. त्याच्या शेजारी राहणाऱ्याने गोठ्याचे दार रात्री घट्ट लावणे, मुलांना अंधारात एकटे न सोडणे, उघड्यावर वाकून न बसणे, ही माहिती उपयोगाची आहे. ‘चित्ता’ म्हटल्याबरोबर पाठ्यपुस्तकातील एकच वाक्य आठवते : जगातील सर्वांत वेगवान प्राणी. माणसाच्या वाटेला सहसा न जाणाऱ्या, दिवसा शिकार करणाऱ्या जनावराच्या माहितीने रात्रीच्या जनावराशी वागावे कसे हे कळत नाही. चुकीच्या नावामागून चुकीची खबरदारी येते.

दुसरे नुकसान वर्गात होते आणि त्याची जबाबदारी अध्यापकवर्गावर अधिक येते. ठाकर किंवा कातकरी वाडीवरून आलेला विद्यार्थी निबंधात ‘बिबळ्या’ लिहितो. हा शब्द ग्राम्य समजून तेथे ‘चित्ता’ सुचवला जाण्याची शक्यता प्रत्येक तपासनिसाने स्वतःशी तपासून पाहावी. असे झाल्यास अचूक शब्द खोडला जातो आणि चुकीचा शब्द शुद्ध म्हणून दिला जातो. ‘वाघ’ या शब्दाबाबत हे अधिक गुंतागुंतीचे आहे. कोकणात ‘वाघ’ हे मोठ्या मार्जाराचे सामान्यनाम आहे. नेमके सांगायचे तेव्हा ‘पट्टेरी’, ‘ढाण्या’ किंवा ‘बिबळ्या’ असे विशेषण त्याला जोडले जाते. म्हणजे बोलीत एक सामान्यनाम आणि त्याखाली भेददर्शक नावे अशी व्यवस्था आहे. ती अमरकोशापेक्षा अधिक काटेकोर आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ‘वाघ’ लिहिणाऱ्या मुलाला प्राणी ओळखता येत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्याला बोलीची ही व्यवस्था माहीत नसते, एवढाच त्याचा अर्थ.

शासकीय ‘बिबट’ हा शब्द या दृष्टीने स्वागतार्ह मानावा लागेल. भरपाईविषयक आदेशांतील प्राण्यांच्या यादीत तो ‘वाघ’ या शब्दापासून वेगळा येतो आणि बोलीतील ‘बिबट्या’शी नाळ राखतो. मात्र अर्जदार ‘वाघाने शेळी नेली’ असे सांगतो तेव्हा कागदावर काय लिहिले जाते, यावर पुढील सारे अवलंबून असते. तेथे बोलीचा अर्थ समजून ‘बिबट’ लिहिणारा कर्मचारी हा या परिसरातील सर्वांत व्यवहारी कोशकार म्हणावा लागेल.

राहता राहिला मूळचा संस्कृत शब्द. तो या दोन तालुक्यांत वनस्पतीच्या रूपाने प्रत्यक्ष नांदतो. पांढऱ्या फुलांचे, चिकट पुष्पकोशाचे ‘चित्रक’ हे झुडूप कोकणच्या रानात आढळते आणि त्याचे मूळ वैद्यकात प्रसिद्ध आहे. आयुर्वेदाच्या निघंटूंत त्याला अग्नीची सारी नावे दिलेली आहेत, कारण ते दाहक आहे, कातडीवर लावल्यास फोड उठवते. त्याच नामावळीत ‘व्याल’ हे श्वापदवाचक नावही येते. हिंदीत तर या झुडपाला ‘चीता’ असेच म्हणतात. मराठीने झुडपासाठी ‘चित्रक’ हे तत्सम रूप ठेवले, हरणासाठी ‘चितळ’ हे स्वतः घडवले आणि शिकारखान्याच्या जनावरासाठी ‘चित्ता’ हे उसने घेतले. कर्जतच्या बाजारात कोणी जाणत्याकडे ‘चित्रक’ मागितला तर तो चित्रकमूळच काढून देईल.